पोर्ट, सबवूफर पेटीचे
पोर्ट, सबवूफर पेटीचे : मंद्र स्वर निर्माण करणाऱ्या ध्वनिक्षेपकाच्या (सबवूफरच्या) पेटीस ठेवलेला, ठराविक लांबीचा व छेदाचा वायुमार्ग. पोर्टमधील हवा वस्तुमानाचे आणि पेटीतील हवा स्प्रिंगेचे कार्य करते. दोहोंच्या योगाने ठरणाऱ्या अनुस्पंदन कंप्रतेजवळ ध्वनिक्षेपकाच्या शंकूचे स्पंदन अत्यल्प होते व बहुतांश ध्वनी पोर्टमधून बाहेर पडतो. हे तत्त्व हेर्मान फोन हेल्महोल्ट्स यांच्या एकोणिसाव्या शतकातील पोकळ अनुस्पंदकांवरील संशोधनातून आले.

सी. डब्ल्यू. राइस व ई. डब्ल्यू. केलॉग यांनी १९२५ मध्ये कर्ण्याविना चालणारा ध्वनिक्षेपक प्रसिद्ध केला. अशा ध्वनिक्षेपकात शंकूच्या मागील बाजूचा ध्वनी पुढील बाजूच्या ध्वनीशी विरुद्ध कलेत असल्याने मंद्र स्वर परस्परांना खोडून काढीत. मागील ध्वनी बंद पेटीत कोंडून ठेवणे हा एक उपाय होता. बेल प्रयोगशाळेतील ए. एल. थुरास यांनी मात्र तो पोर्टद्वारे कला बदलून उपयोगात आणला. त्यांना याचे एकस्व १९३२ मध्ये मिळाले. एच. एफ. ओल्सन यांनी १९३५ च्या एकस्वात पोर्टऐवजी चुंबक व वेटोळे नसलेला निष्क्रिय शंकू सुचविला.

यानंतर कित्येक वर्षे पोर्टची मापे बव्हंशी अंदाजाने ठरविली जात. त्यामुळे अशा पेट्यांचा स्वर घुमतो, असा त्यांचा लौकिक झाला. एडगर व्हिल्चर यांच्या १९५४ मधील लहान बंद पेटीने तर त्यांना समर्थ प्रतिस्पर्धी निर्माण केला. ऑस्ट्रेलियन अभियंते ए. एन. थील यांनी १९६१ मध्ये पोर्टयुक्त पेटी हे विद्युत् छानकासारखे (फिल्टरसारखे) गणिती तंत्र आहे असे दाखवून दिले. त्यांच्या निबंधाकडे जगाचे लक्ष तो १९७१ मध्ये अमेरिकेत पुनर्मुद्रित झाल्यावरच गेले. रिचर्ड स्मॉल यांनी १९७२–७३ मध्ये हे कार्य पूर्णत्वास नेले. ध्वनिक्षेपकाच्या मोजक्या राशींवरून पेटी आखणे त्यामुळे शक्य झाले.

मोटारगाडीत जागेची टंचाई असल्याने पोर्टच्या प्रकाराची निवड कठीण होते. ५० लिटर पेटी ३५ हर्ट्‌झला जुळविण्यास ७.५ सेंमी. व्यासाची नळी सुमारे १६ सेंमी., १० सेंमी. व्यासाची सुमारे ३१ सेंमी., तर १५ सेंमी. व्यासाची सुमारे ७५ सेंमी. लांब लागते. शेवटची नळी १३ लिटरांहून अधिक जागा व्यापते व तेवढी पेटी वाढवावी लागते. उलटपक्षी अरुंद नळीत हवेचा वेग वाढून फुसफुस ऐकू येते. ७.५ सेंमी. नळीतील वेग १५ सेंमी. नळीतील वेगाच्या चौपट असतो. हा वेग ध्वनिवेगाच्या सु. ५ टक्क्यांच्या, म्हणजे सेकंदास सु. १७ मी.च्या आत असावा, असा संकेत रूढ आहे.

गोल नळी सुलभ असून तिची लांबी बदलून कंप्रता जुळविता येते. तिची तोंडे कर्ण्यासारखी पसरट केल्यास भोवरे कमी होतात. या भोवऱ्यांमुळे नळीतील स्थिर तरंग उद्दीपित होतात, असे फिलिप्समधील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखविले. फार मोठ्या ध्वनीस पोर्टचे उत्पादन अपेक्षेइतके वाढत नाही, हे २००२ मधील मापनांतून स्पष्ट झाले. पेटीच्याच भिंतींचा उपयोग करणारे चौकोनी फटीसारखे पोर्ट वळवून मोठा छेद साधता येतो. तथापि अतिअरुंद फटीत घर्षण वाढते व एकदा जोडल्यावर लांबी बदलणे अवघड असते. निष्क्रिय शंकूत वाऱ्याचा आवाज नसतो व लांब नळीची जागा वाचते. मात्र खर्च वाढतो.

बंदिस्त गाडीत, तरंगलांबी गाडीच्या लांबीहून पुष्कळ मोठी झाल्यावर, ध्वनिदाब तत्त्वतः दर सप्तकास १२ डेसिबेलने वाढतो. बंद पेटीची घटही १२ डेसिबेलच असल्याने दोहोंचा मेळ बसतो. पोर्टयुक्त पेटीची घट २४ डेसिबेल असते. जुळविलेल्या कंप्रतेखाली शंकूला हवेचा आधारही उरत नाही व तो मर्यादेबाहेर हलून निकामी होऊ शकतो. तात्पर्य, पोर्टचा आकार निवडण्यापूर्वी पोर्ट हवेच का, हा प्रश्न मोटारगाडीत प्रथम सोडवावा लागतो. लहान पेटी, खोल स्वर व मोठा आवाज ही तिन्ही एकाच वेळी पूर्णांशाने साधता येत नाहीत.