दर्या आणि दऱ्या

पनवेलच्या एका अंगाला खाडी, तर दुसऱ्या अंगाला सह्याद्रीच्या दऱ्या. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत फरक तो केवढा? एका अर्ध्या 'र'चा! पण याच 'र'ने संगणकाला वर्षानुवर्षे चकविले आहे.

1947 साली हार्वर्डच्या मार्क-2 यंत्रात खरोखरीचा पतंग अडकला. तो काढून नोंदवहीत चिकटविण्यात आला. आपला किडा मात्र डोळ्यांना दिसत नाही. पूर्वी मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसवीत. तो फाँट दुसरीकडे नसला, की पत्राचा नुसता गोंधळ! 1991 साली 'इस्की' हे भारतीय प्रमाण ठरले, त्याच वर्षी युनिकोडही अवतरले. तरी हा 'र' लिहिण्याच्या दोन रीती उरल्याच. 'कऱ्हाड' दोहोंत सारखेच दिसते, पण एका रीतीने लिहिलेले दुसऱ्या रीतीने शोधा, पुष्कळदा यंत्र खुशाल सांगते, "सापडले नाही."

याचा अर्थ 'नाव यादीत नाही' असा नव्हे. 'तुम्ही लिहिले तसे नाही' एवढाच. खिडकीपलीकडच्या कारकुनाने हा भेद जाणला नाही, तर यादीतला माणूस हात हलवीत घरी परततो. तेव्हा यंत्राचा नकार हा शेवटचा शब्द मानू नये. पुन्हा शोधायला सांगावे.