मोगली एरंडाचं कुंपण
शिरूरला मामाच्या मळ्याभोवती मोगली एरंडाचं कुंपण होतं. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, एवढाच त्याचा उपयोग. 2003 मध्ये नियोजन आयोगाच्या समितीनं त्याच्या बियांच्या तेलाचं बायोडिझेल करायचं सुचवलं, अन् कुंपणाला पिकाचा मान आला! मामानं दोन एकर पडीक त्याखाली घातलं. पडिकात झाड जगतं हो, पण भरपूर बी धरायला त्यालाही पाणी लागतं. आणि पाणी असलं तर शिरूर-दौंडचा माणूस ऊसच लावणार ना? 2009 च्या धोरणात 2017 पर्यंत 20 टक्के मिश्रणाचं लक्ष्य होतं. 2018 च्या धोरणात बायोडिझेलचं लक्ष्य 2030 पर्यंत 5 टक्क्यांवर आलं. इंधन दिलं ते उसाच्या मळीनं, इथेनॉलचं. मामानं झाडं उपटली. कुंपणाची तेवढी ठेवली.