इस्किलार आणि बेळगाव

जी. ए. कुलकर्णी यांच्या कल्पित प्रदेशांचा मूळ पत्ता बेळगावात शोधण्याचा मोह समीक्षकाला होतो, आणि तो अगदीच अनाठायी नाही. १९२३ साली जन्मलेल्या जी.एं.चे बालपण त्या परिसरात गेले. पश्चिमेला सह्याद्रीचा पावसाळी डोंगरपट्टा, पूर्वेला दख्खनचे उघडे माळ, बोलण्यात मराठी-कानडीची सरमिसळ. असा हा सांध्यावरचा मुलूख. आईवडिलांचे छत्रही लवकर हरपले. ‘माणसे : अरभाट आणि चिल्लर’मधील बालपणाची स्मृतिचित्रे हाती घेतली की ‘रमलखुणा’तील ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथांची किल्ली सापडली असे वाटू लागते.

अडचण कालक्रमाची आहे. ‘रमलखुणा’ १९७५ची, ‘माणसे’ पुस्तकरूपाने आले ते १९८८ साली, लेखकाच्या निधनानंतर. ज्याला आपण उगम म्हणतो, तो वाचकाच्या हाती प्रवाहानंतर आला आहे. स्मृती म्हणजे काही पेटीत जपून ठेवलेला ऐवज नव्हे. ज्या लेखणीने इस्किलार रचले, तिनेच हे बालपणही रचले. नियतीची चाहूल त्या मुलाला खरोखर लागली होती, की कथाकाराने ती मागे नेऊन ठेवली, हा प्रश्न साम्यस्थळांच्या याद्या करून सुटत नाही.

टोल्किनच्या बाबतीतही असेच घडले आहे. बर्मिंगहॅमलगतच्या सेअरहोल या खेड्यात तो १८९६ ते १९०० या काळात वाढला. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ प्रसिद्ध झाले १९५४-५५ मध्ये. आपण दहा वर्षांचे होण्यापूर्वीच बालपणीचा तो मुलूख उद्ध्वस्त होऊ लागला होता, हे त्याने सांगितले दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत. आणि कादंबरीला रूपक समजणाऱ्यांना तिथेच दटावलेही.

जी.एं.चा मुलूख कारखान्यांनी नव्हे, सीमारेषेने दुरावला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. त्यांचा पहिला कथासंग्रह ‘निळा सावळा’ १९५९चा. म्हणजे त्यांचे प्रत्येक पुस्तक त्या रेषेनंतरचे. धारवाडला ते इंग्रजी शिकवीत, भोवती कानडी ऐकत आणि लिहीत मराठीत. या राजकीय घटनेतूनच इस्किलार निपजले असे म्हटले, तर पुन्हा तीच चूक होईल. एवढे मात्र दिसते की, आरंभीच्या कथांतील घरे आणि माणसे आपल्या ओळखीच्या मुलखातली आहेत, तर ‘रमलखुणा’पर्यंत येताना तो मुलूखच नकाशावरून पुसला गेला आहे. उरतात वाट, ऊन, कातळ, तिन्हीसांज. बालपणाची भूमी कथेत शिरते ती अशी, आपले नाव टाकून.

राहात्याच्या कालव्याकाठी, पेरूच्या बागांत वाढलेला वाचक ‘प्रवासी’ वाचतो, तेव्हा त्याला बेळगाव दिसत नाही. त्यावाचून त्याचे काही अडतही नाही. त्याला आपल्याच शिवारातली एखादी मोडलेली पायवाट आठवते.