हुशार मुलाचा रिकामा वेळ

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यांत, पुण्याहून सोलापुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, मोडनिंब हें गांव आहे. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९०६ सालीं कुर्डुवाडीहून पंढरपुरापर्यंत पोंचली, ती याच गांवावरून. आगगाडीचा नियम असा, कीं डबा भरलेला असो वा रिकामा असो, सर्वांनीं एंजिनाच्याच चालीनें चालावयाचें. गाडीला हा नियम शोभतो. शाळेलाहि तोच लागू झाला म्हणजे काय होतें, हें मात्र विचार करण्याजोगें आहे.

मोडनिंब असो वा मुंबई असो, प्राथमिक शाळेच्या बहुतेक वर्गांत एखादी मुलगी अशी असते, कीं गुरुजींचें उदाहरण फळ्यावर लिहून संपतें न संपतें, तोंच तिचें उत्तर तयार असतें. ती कांहीं अलौकिक बुद्धीची नव्हे. चांगली चलाख, एवढेंच. उत्तर काढून झाल्यावर तिनें काय करावयाचें, याची तजवीज कोणींच केलेली नसते. मग तिला वह्या गोळा करावयास लावतात, किंवा ‘मॉनिटर’ करून दंगा करणाऱ्यांचीं नांवें फळ्यावर लिहावयास सांगतात. ती दरवर्षीं पास होते, आईबाप समाधानी असतात, गुरुजींची तक्रार नसते. जें नुकसान होतें तें डोळ्यांना दिसत नाहीं. अडलेल्या ठिकाणीं चिकाटीनें कसें बसावें, हें ती शिकतच नाहीं. आणि पुढें माध्यमिक शाळेंत पहिलें खरोखर कठीण गणित समोर आलें, कीं तिला वाटतें, आपली बुद्धि इतकीच.

ही स्थिति पूर्वापार चालत आलेली नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत महाराष्ट्रांतील गांवोगांवच्या शिक्षणाचा भार पंतोजींच्या शाळेवर होता. देवळाच्या ओसरीवर किंवा एखाद्या वाड्याच्या पडवींत ती भरे. तेथें इयत्ता नव्हत्या. कोणी धुळपाटीवर अक्षरें गिरवी, कोणी पावकी-निमकी घोकी, कोणी मोडी कागद वाची. ज्याचा धडा पुरा झाला तो पुढच्या धड्यास लागे, आणि मोठा मुलगा धाकट्याला शिकवी. मद्रास येथील अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख अँड्र्यू बेल यानें एका मलबारी शाळेंत मुलें वाळूंत अक्षरें गिरवितांना पाहिलीं, आणि मुलांकडूनच मुलांना शिकविण्याचा प्रयोग आपल्या शाळेंत केला. त्याचें वर्णन त्यानें १७९७ सालीं लंडनमध्यें छापलें, आणि ‘मद्रास पद्धति’ या नांवानें ती रीत इंग्लंडांत पसरली.

पंतोजींच्या शाळेचें गुणगान करण्याचें मात्र कारण नाहीं. तेथें छडी होती, घोकंपट्टी होती, छापील पुस्तक क्वचितच होतें. आणि मुलींना व अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना तिचा उंबरठा बहुधा बंदच होता. चाल ज्याची त्याची होती, पण चालावयास थोड्यांनाच मिळे.

१८५५ सालीं मुंबई इलाख्याचें विद्याखातें स्थापन झालें. १८६३ पासून शेतसाऱ्यावर रुपयामागें एक आणा लोकल फंड बसविण्यांत आला, आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे लावण्यांत आला. त्या पैशावर खेड्यापाड्यांतून शाळा वाढल्या. हें काम लहान नव्हतें. पण शेंकडों शाळांची तपासणी थोड्या अधिकाऱ्यांनीं करावयाची, तर मोजण्याचें माप एकच हवें. म्हणून इयत्ता ठरल्या, इयत्तेगणिक क्रमिक पुस्तक आलें, आणि वर्षाअखेर परीक्षा आली. इंग्लंडांत १८६२ सालीं परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची रीत सुरू झाली होती. त्याच दशकांत ती मुंबई इलाख्यांतील अनुदानित शाळांनाहि लागू झाली. हिशोब सोपा होता. काठावरचा मुलगा पार पडला तर शाळेच्या पदरांत रक्कम पडे. जो वर्षाच्या आरंभींच पार पडण्याजोगा होता, त्याच्यावर आणखी श्रम केल्यानें एक पैहि वाढत नसे. हिंदुस्थान सरकारच्या १९०४ सालच्या ठरावानें ही रीत टाकून दिली. पण काठावर खिळलेली नजर तेवढ्यानें हलली नाहीं.

मग हुशार मुलांचें काय करावयाचें? त्यावर एकच उपाय रूढ झाला, आणि तो म्हणजे निवड. जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर आयोगापुढें दिलेल्या निवेदनांत याविषयीं सावध केलें होतें. शिष्यवृत्त्या चढाओढीनें देणें तत्त्वतः न्याय्य दिसलें, तरी मागें राहिलेल्या वर्गांत विद्येचा प्रसार त्यामुळें होत नाहीं, असा त्यांचा आशय होता. तरीहि निवडीची वाट रुंदावतच गेली. राज्याची शिष्यवृत्ति परीक्षा दीर्घ काळ चौथी व सातवीसाठीं होती. २०१७ पासून ती पांचवी व आठवीसाठीं होऊं लागली. नवोदय विद्यालयांची योजना १९८५-८६ मध्यें निघाली. सोलापूर जिल्ह्याचें विद्यालय मोहोळ तालुक्यांत पोखरापूर येथें आहे, आणि सहावीच्या वर्गांत जागा ८०. निवडलेल्यांचें कल्याण झालें यांत शंका नाहीं. परंतु आंत गेलेल्या शेवटच्या मुलांत आणि बाहेर राहिलेल्या पहिल्या मुलांत अंतर एखाद्या गुणाचेंच असूं शकतें. एकाला निराळें विद्यालय, दुसऱ्याला तोच फळा.

शिवाय ही रेघ बरोबर जागीं पडते, याचा भरंवसा नाहीं. अमेरिकेंत लुइस टर्मन यानें १९२१ पासून कॅलिफोर्नियांतील दीड हजारांवर बुद्धिमान मुलें चांचण्या घेऊन निवडलीं आणि त्यांचा आयुष्यभर मागोवा घेतला. त्या निवडींत जीं मुलें बसलीं नाहींत, त्यांतल्या विल्यम शॉकलीला १९५६ सालीं आणि लुइस अल्वारेझला १९६८ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. निवडलेल्यांपैकीं तें कोणालाच मिळालें नाहीं.

निवडीखेरीज दुसरा उपाय आहे, आणि तो अगदीं जवळ आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक ठरलेले आहेत. म्हणजे वाडीवस्तीवरील शाळेंत एका खोलींत दोन-तीन इयत्ता बसणारच. हें उणें मानलें जातें. पण दुसरीची मुलगी चौथीचा पाठ कान देऊन ऐकते, तेव्हां तिला रोखणारी भिंत मध्यें नसते. माढा तालुक्यांतीलच परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंत रणजितसिंह डिसले या शिक्षकांनीं पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापून धडे व कविता मोबाइलवर ऐकण्याची सोय केली. ज्याला पुढें जावयाचें त्यानें पुढें जावें, ज्याला पुन्हां ऐकावयाचें त्यानें पुन्हां ऐकावें. २०२० सालीं त्यांना दहा लाख डॉलरचें जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालें, आणि त्यांतील अर्धी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांना वांटून दिली. ज्या मद्रासेंत बेलनें आपला प्रयोग केला, त्याच शहराच्या महापालिका शाळांत २००३ पासून शिडीच्या पायऱ्यांसारखीं कार्डें मांडून प्रत्येक मुलाला आपापल्या चालीनें चढूं देण्याची पद्धति सुरू झाली. दोन शतकांनीं फिरून तेथेंच येणें झालें. फरक एवढाच, कीं या वेळीं उंबरठा सर्वांस मोकळा होता.

सरकारी शाळेनें दार उघडलें, पंतोजींच्या शाळेनें चाल मोकळी ठेवली होती. दोहोंचा मेळ घालणें एवढेंच काम उरलें आहे, आणि त्याला फार खर्च लागत नाहीं. ज्या मुलीचें उत्तर आधीं तयार झालें, तिच्या हातीं वह्यांचा गठ्ठा न देतां तिला क्षणभर अडवील असें पुढचें उदाहरण द्यावें. तें तिला सुटलें नाहीं, तरी त्या दिवशीं तिची शाळा खरोखर भरली असें म्हणतां येईल.