प्लॅब परीक्षा

ब्रिटनबाहेर वैद्यकीय पदवी घेतलेल्या डॉक्टरांना त्या देशात व्यवसायाचा परवाना मिळवून देणारी परीक्षा. ती जनरल मेडिकल कौन्सिल घेते. वसाहतकाळापासून बहुतेक भारतीय पदव्यांना तिथे थेट मान्यता होती. 1975 मध्ये ती गेली आणि परदेशी डॉक्टरांसाठी चाचणी आली. त्याआधी ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा बऱ्याच अंशी याच डॉक्टरांच्या बळावर उभी राहिली होती, हे विसरता येत नाही.

इंग्रजीची पात्रता (उदा. आयईएलटीएसमध्ये सरासरी 7.5) आधी सिद्ध करावी लागते. पहिला भाग 180 बहुपर्यायी प्रश्नांचा, तीन तासांचा. तो मुंबईतही देता येतो. खरा कस दुसऱ्या भागात, मँचेस्टरला लागतो. उमेदवार एकामागून एक कक्षांत जातो. दाराबाहेर प्रसंग वाचायला दीड मिनिट, आत आठ मिनिटे. समोर रुग्णाच्या भूमिकेत अभिनेता असतो : कधी छातीत दुखणारा, कधी मूल गमावलेली आई. अचूक निदानाइतकेच महत्त्व रुग्णाचे ऐकून घेण्याला, त्याची संमती मागण्याला असते. निदानात तरबेज असलेले आपले कित्येक डॉक्टर इथे अडखळतात. रुग्णाशी बोलण्याचे प्रशिक्षण आपल्याकडे दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले.

उत्तीर्ण झाल्यावर नोंदणी व परवाना मिळतो. नोकरी मात्र स्वतंत्रपणे शोधावी लागते.