काचेतले वन आणि आमचा डोंगर

कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत फुलपाखरांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आम्हांला ते वाटत नाही. फुलपाखरांच्या इतिहासातही राबणारे हात आहेत, आणि त्यांची नावे तेथेही कोणी लिहिलेली नाहीत.

युरोपात ऐन हिवाळ्यात, बाहेर हिम पडत असता, लोक तिकीट काढून काचघरात शिरतात. आत ऊब, दमट हवा, केळीची रुंद पाने आणि उष्ण देशांतील फुलपाखरे. अंगात पुरेशी ऊब आल्यावाचून फुलपाखराला उडता येत नाही. म्हणून ही सारी भट्टी पेटती ठेवायची. ही टूम १९७० नंतरच्या दशकात गर्न्सी बेटावर निघाली; टोमॅटोसाठी बांधलेल्या आणि पुढे रिकाम्या पडलेल्या काचघरात पहिली फुलपाखरे सोडली गेली.

परंतु बहुतेक फुलपाखरे काही आठवडेच जगतात. तेव्हा काचघर भरलेले राहावे म्हणून दूरदेशीचे कोश सतत मागवावे लागतात. केनियातील अराबुको-सोकोके जंगलाकाठचे शेतकरी १९९३ पासून ‘किपेपेओ’ प्रकल्पात असे कोश वाढवून परदेशी पाठवीत आले. किपेपेओ म्हणजे स्वाहिली भाषेत फुलपाखरू. जंगल राहिले तर कोश, आणि कोश राहिले तर चूल! प्रेक्षकाला मात्र पंख दिसतात. ते वाढविणारा दिसत नाही.

आता आपल्या कर्जत-खालापुराकडे वळू. मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा तळ चौकजवळ पडला होता. डोंगरावर पाणी आहे काय, असे त्यांनी चौकच्या पाटलास विचारले. वर धनगर व कातकरी राहतात, पाण्याच्या जागा त्यांना ठाऊक आहेत, असे पाटलाने सांगितले. तरीही माथेरानचा ‘शोध’ लागला तो मॅलेटसाहेबांना! वाट दाखविणाऱ्याचे नाव इतिहासात उरले नाही.

पुढे १८९४ साली बेथॅम नावाच्या इंग्रजाने माथेरानच्या फुलपाखरांची यादी केली. २०११ ते २०१९ या काळात अभ्यासकांनी पुन्हा डोंगर पालथा घातला, तेव्हा १४० जाती आढळल्या. त्यांत बेथॅमच्या यादीतील ७७ होत्या. आगगाडी आली, हॉटेले आली, तरी सव्वाशे वर्षे या जाती तगून राहिल्या. येथे काच नाही, भट्टी नाही. हिवाळ्यातही डोंगर आपली ऊब आपणच देतो.

मग राखायचे काय? २०१५ साली महाराष्ट्राने नीलवंत हे राज्य-फुलपाखरू ठरविले. त्याची मादी लिंबाच्या कुळातील पानांवर, माकडलिंबूसारख्या रानझाडांवर, अंडी घालते. अळीचे पान तोडले, तर मानपत्राने फुलपाखरू जगत नाही. माणसांचेही तसेच. माथेरानला मोटारींना बंदी, म्हणून हवा स्वच्छ. पण तिची किंमत हातरिक्षा ओढणाऱ्यांनी आपल्या छातीने भरली. माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा सहा महिन्यांत बंद करा व त्या लोकांचे पुनर्वसन करा, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले.

काचघरवाल्यांना वन विकत आणावे लागते. आपल्याला ते वारशाने मिळाले आहे. या वनाची पुढची यादी कोणी करील, तेव्हा तीत पाणी दाखविणाऱ्या कातकऱ्याचे आणि रिक्षा ओढणाऱ्याचे नाव असावे, एवढेच आमचे मागणे आहे.