चाळीस एकरांचा हिशेब

महात्मा जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' 1873 साली प्रसिद्ध झाले आणि ते त्यांनी अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले, हे आपल्या चळवळीतला प्रत्येक कार्यकर्ता सांगतो. पण त्या साली खुद्द अमेरिकेत काय चालले होते, हे आपण सहसा विचारीत नाही. यादवी युद्ध संपून आठ वर्षे झाली होती. गुलामी कायद्याने गेली होती. आणि मुक्त झालेल्या सुमारे चाळीस लाख माणसांपैकी बहुसंख्य माणसे पुन्हा गोऱ्या जमीनदाराच्याच कापसाच्या रानात उभी होती. युद्धोत्तर पुनर्रचना म्हणून इतिहासात जो कालखंड ओळखला जातो (1865 ते 1877), त्याचे हे आर्थिक फलित होय.

असे का झाले, याचे उत्तर जमिनीच्या प्रश्नात आहे. 12 जानेवारी 1865 रोजी सव्हाना शहरात जनरल शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून विचारले, की तुम्ही स्वतःचा चरितार्थ कसा चालवाल? 67 वर्षांचे गॅरिसन फ्रेझियर सर्वांच्या वतीने बोलले. आम्हाला जमीन द्या, ती आम्ही आमच्या कष्टाने कसू, हे त्यांच्या उत्तराचे सार होते. आयुष्याचा बराच काळ गुलामीत घालवलेल्या या माणसाला अर्थशास्त्र कोणी शिकवले नव्हते! चारच दिवसांनी शर्मनने हुकूम काढला. दक्षिण कॅरोलिनापासून फ्लोरिडापर्यंतच्या किनाऱ्यालगतची जमीन मुक्त कुटुंबांना प्रत्येकी 40 एकरांपर्यंत द्यावयाची. जूनपर्यंत सुमारे 40,000 माणसे सुमारे चार लाख एकरांवर वसली.

एप्रिलमध्ये लिंकनचा खून झाला. नवे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी बंडखोर जमीनदारांना माफी दिली आणि माफीबरोबर जमीनही परत दिली. ही बातमी सांगण्याचे काम मुक्तजन विभागाचे प्रमुख जनरल हॉवर्ड यांच्यावर आले. ऑक्टोबर 1865 मध्ये एडिस्टो बेटावर चर्चमध्ये जमलेल्या लोकांसमोर त्यांनी ती सांगितली. लोकांनी नंतर जो अर्ज लिहिला तो आजही उपलब्ध आहे. ज्याने मला झाडाला बांधून फटके मारले त्याला क्षमा करणे मला जड जाते, आणि तुम्ही मला त्याच्याच दारात उभे करता, असा त्याचा आशय आहे. लेखी दस्तऐवज मागणाऱ्या इतिहासकारांनी हा अर्ज जरूर वाचावा.

त्याच सुमारास मिसिसिपीने कायदा केला, की शहरांच्या हद्दीबाहेर काळ्या माणसाला जमीन खंडानेही घेता येणार नाही. काम नसेल तर तो उनाड ठरे आणि दंड न भरल्यास त्याचे श्रम भाड्याने दिले जात. हे काळे कायदे पुढे रद्द झाले, पण जमीन मिळाली नाही ती नाहीच. मग वाटेकरी पद्धत आली. अर्धे पीक मालकाला, आणि उरलेल्या अर्ध्यावर बी-बियाणे, मका नि मांस उधार देणाऱ्या दुकानदाराचा बोजा. पीक उभे असतानाच ते गहाण. सावकाराच्या खतावर अंगठा उठवलेल्या आपल्या वाडवडिलांना ही रीत समजावून सांगावी लागली नसती.

या काळाचा आर्थिक हिशेब विद्वानांनी नंतर मांडला. 1975 साली क्लॉडिया गोल्डिन आणि फ्रँक लुईस यांनी युद्धाचा थेट खर्च दोन्ही बाजू मिळून सहा अब्ज डॉलरच्या वर काढला. दक्षिणेचे दरडोई उत्पन्न 1860 मध्ये राष्ट्रीय सरासरीच्या 72 टक्के होते, ते 1880 मध्ये 51 टक्क्यांवर आले, असेही अर्थतज्ज्ञ सांगतात. जुनी पुस्तके याला सरळ 'दक्षिणेचा सर्वनाश' म्हणत आणि दोष काळ्यांच्या आळसाला देत.

1977 साली रॉजर रॅन्सम आणि रिचर्ड सच यांनी या 'आळसा'ची फोड केली. त्यांच्या अंदाजाने मुक्तीनंतर कृष्णवर्णीयांच्या दरडोई श्रमाचे तास 28 ते 37 टक्क्यांनी घटले. याचा अर्थ काय? बाया रानातून घरी परतल्या, पोरे शाळेत गेली, म्हाताऱ्यांनी पाठ टेकली, आणि पुरुष चाबकाखाली जितके राबत तितके राबेनात. उत्पादनातल्या घटीचा मोठा भाग हा होता. तान्हे पोर बांधावरच्या झोळीत टाकून दुसऱ्याच्या रानात खुरपणाऱ्या बाईचा मी मुलगा आहे. आईचे घरी थांबणे ज्या वहीत तोटा म्हणून लिहिले जाते, ती वही कोणाची, हे मला ताबडतोब कळते. याच संशोधकांनी जॉर्जियातील दुकानदारांच्या उधारीवरचा व्याजदर काढला. तो वर्षाला सुमारे 60 टक्के पडत होता.

मुक्तजनांनी बचतही केली होती. त्यांच्यासाठी 1865 मध्ये स्थापन झालेली बचत बँक जून 1874 मध्ये बुडाली. सुमारे 61,000 ठेवीदारांचे जवळपास तीस लाख डॉलर त्यात अडकले. उलट राजधानी वॉशिंग्टनमध्ये 1862 साली गुलाम मुक्त झाले तेव्हा सरकारने नुकसानभरपाई दिली होती. ती मालकांना, दर गुलामामागे 300 डॉलरपर्यंत. गुलामाच्या वाट्याला आले ते देश सोडून जाण्यासाठी देऊ केलेले वाटखर्चाचे पैसे.

ही पुनर्रचना म्हणजे अडाणी काळ्यांच्या हाती सत्ता दिल्याची चूक, असे शिकवणारा इतिहासकार डनिंग कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक होता. 1913 ते 1916 या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच विद्यापीठात शिकत होते. डनिंगपंथीयांना सविस्तर उत्तर दिले ते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी, 1935 साली. गुलामांनी युद्धकाळात मळे सोडले याला त्यांनी सार्वत्रिक संप म्हटले आणि भूमीविना मुक्तीचा अन्वयार्थ लावला. 1946 मध्ये बाबासाहेबांनी डुबॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या.

दुसरे महायुद्ध तेव्हा नुकतेच संपले होते आणि पुनर्रचना हा शब्द दिल्लीतही सर्वांच्या तोंडी होता. 1947 साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात बाबासाहेबांनी मागणी केली, की शेतजमीन राज्याच्या मालकीची व्हावी आणि जातधर्म न पाहता गावकऱ्यांना सामुदायिकपणे कसण्यास द्यावी, आणि हे घटनेतच लिहावे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या सरकारांना ते फिरवता येणार नाही. संविधानात ते कलम आले नाही.